गाभण मादीचं पोट आणि तीस गुंठ्यांतलं हिरवं : एका हंगामाच्या नोंदी

२८ मे २०२३, सावंतवाडी तालुका

आजपासून ही वही सुरू. गोठ्यात आत्ता डुकरांच्या चार गाभण माद्या आहेत: लाली, भुरी, ठिपकी आणि राणी. चौघी यॉर्कशायर जातीच्या संकरातल्या, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वितील. शिवाय सोनी आणि मोनी या दोन तरण्या, अजून नराला दाखवलेल्या नाहीत.

गाभण मादीला दिवसाला दोन-सव्वादोन किलो खुराक मोजून द्यायचा, हे वराहपालन करणारे सगळेच पाळतात. जास्त घातला तर ती चरबी धरते, विताना त्रास होतो, व्याल्यावर खाणं सोडते आणि पिल्लांना दूध पुरत नाही. नियम बरोबर आहे. पण तो खुराक पंधरा मिनिटांत संपतो आणि पोट दीडशे किलोच्या जनावराचं आहे.

काल जेवण आटपून दोन तास गोठ्यात नुसती बसून राहिले. लाली गज तोंडात धरून चावत होती, थांबत होती, परत चावत होती. त्या गजाचा तेवढाच वीतभर भाग चकचकीत झालाय. ठिपकी रिकामं तोंड चघळत होती, ओठांना पांढरा फेस. राणीची लीद सुपारीसारखी कडक. इतकी वर्षं मी याला खोड म्हणत आले. ही भूक आहे. बघून वाईट वाटलं.

म्हणून यंदा घराच्या वरचं १८ गुंठे भरड, म्हणजे उंचावरची जमीन, आणि खालचा १२ गुंठ्यांचा मळा या माद्यांच्या नावाने राखलाय. डुक्कर रवंथ करत नाही, नुसत्या गवतावर ते जगणार नाही. पण पूर्ण वाढलेल्या मादीचं मोठं आतडं कोवळा हिरवा चारा बऱ्यापैकी पचवतं, लहान पिल्लांपेक्षा कितीतरी चांगलं. तिथे तो सावकाश आंबतो आणि त्यातून थोडी ऊर्जाही मिळते. पोट भरलेलं राहतं, लीद मऊ होते.

११ जून २०२३

बातम्यांत पाऊस रत्नागिरीपर्यंत आला म्हणाले. इकडे एक सर येऊन गेली, मग कडक ऊन. वादळाने सगळा वारा ओढून नेलाय म्हणतात. भरडाचे तीन-तीन गुंठ्यांचे सहा पट्टे आखले, मध्ये जुना दगडी गडगा आहे तो तसाच ठेवला. चार पट्ट्यांत रताळी, एकात लसूण घास हे चारापीक, एकात संकरित नेपियर गवत.

लसूण घासाबद्दल घाटावरची माणसं इतकं चांगलं बोलतात की करून बघायचंच ठरवलं. बी देणारा म्हणाला, कुठेही येतं. ज्वारीही सुचवली कोणीतरी, कोवळी कापून घाल म्हणून. पण कोवळ्या ज्वारीने गुरांना किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, आणि आमच्या दावणीला म्हैसही आहे. चाऱ्याची सरमिसळ झाली तर काय घ्या, म्हणून ज्वारी नाही.

२६ जून २०२३

काल-परवापासून पाऊस खरा लागला. आज रताळ्याचे वेल लावले. थोडे विहिरीकडे राखलेले होते, बाकी टेम्पोभर कुडाळहून, माहेरून आले. जात कोकण अश्विनी. वीत-दीड वीत लांबीचे तुकडे, मधले डोळे मातीत आणि दोन्ही टोकं वर. वरंब्यात दोन फूट, तुकड्यांत साधारण दहा इंच. बारा गुंठ्यांना आठ हजारांच्या आसपास तुकडे लागले. पाच बायका आणि मी, दोन दिवस कमरेतून वाकून. शेणखत आधीच घातलं होतं, वरखत मुद्दाम घातलं नाही. नत्र जास्त झालं की वेल माजतो आणि कंद धरत नाही. मला दोन्ही हवंय.

१७ जुलै २०२३

चौघी व्याल्या. जिवंत पिल्लं ३७, मेलेली जन्मलेली ४, पहिल्या आठवड्यात दगावलेली ५. राणी फार वेळ कळा देत होती, डॉक्टरांना बोलवावं लागलं. ते म्हणाले, पोट साफ नाही, तेच आड येतंय. ही वीण बंद गोठ्यातली आणि हिरव्याशिवायची, तेव्हा पुढच्या विणीशी ताडून बघायला हे आकडे ठेवते. चार माद्यांवरून काही सिद्ध होत नाही, हेही इथेच लिहून ठेवते.

२ ऑगस्ट २०२३

लसूण घास गेला. पंधरा दिवस पाणी साचून राहिलं, उपटून बघितलं तर मुळं काळी, हाताला बुळबुळीत. चूक माझी आहे. आमची जांभ्याची माती आंबट, त्यात कोकणचा पाऊस. या पिकाला निचऱ्याची आणि चुन्याची जमीन लागते. तिकडे ते वर्षानुवर्षं टिकतं म्हणून इकडे टिकेल असं नाही. पट्टा मोकळा करून तांबड्या भोपळ्याच्या बिया टोचल्या.

नेपियर मात्र कमरेएवढा झालाय. ३५-४० दिवसांत कापला तर सोनी-मोनी पानं खातात. त्याहून जून झाला की नुसतं चघळून थुंकतात, दांडे तुडवतात. म्हशीला तोच चालतो. डुकरासाठी नेपियर लावायचा तर कापणी चुकवून चालणार नाही, एवढं पक्कं झालं.

२५ ऑगस्ट २०२३

पाऊस नाही. श्रावणात कधी असं ऊन बघितलं नव्हतं. सासूबाई म्हणतात, त्यांनाही आठवत नाही. भाताच्या खाचरांना भेगा पडायला लागल्या, पण रताळ्याचा वेल हिरवागार उभा आहे, एकदा जमीन झाकली की तो ओल धरून बसतो. आज पहिली कापणी केली. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वेल कापायचा नाही, नाहीतर खाली कंद बारीक राहतो.

वजनकाटा आणला आणि दोन दिवस हिशेब मांडला. पाच किलो ताजा वेल कडक वाळवला तर सहाशे-साडेसहाशे ग्रॅम उरतो, बाकी सगळं पाणी. पाटी भरलेली दिसते आणि आपल्याला वाटतं केवढं खाल्लं. हा आकडा गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलाय.

८ सप्टेंबर २०२३

२८ ऑगस्टला पिल्लं तोडली. ३ ते ८ तारखेत चौघी आणि दोन्ही पहिलारू, अशा सहाही नराला दाखवून झाल्या. ११४ दिवस धरले तर वीण २६ ते ३१ डिसेंबर. आमच्याकडे मोजायची जुनी पद्धत आहे: तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. पहिला महिना कोणाला हलवायचं नाही, एकमेकींत मिसळायचं नाही. या दिवसांत गर्भ जागा धरतो. मारामारी झाली किंवा ऊन लागलं तर पिल्लं कमी होतात.

२० सप्टेंबर २०२३

काल चतुर्थी. घरात पाहुणे. वेल कापून घालण्यापलीकडे काही केलं नाही.

१ ऑक्टोबर २०२३

पाऊसभर माद्या आत ठेवल्या त्याचं कारण लिहायचं राहिलं होतं. बरेच जण विचारतात की जूनपासूनच बाहेर का नाही सोडल्या. आमच्या पावसात सहा माद्या तीन गुंठ्यांत सोडल्या तर आठ दिवसांत त्याचा चिखल होईल, पीक राहणार नाही आणि खूर कुजतील. दुसरी भीती लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या रोगाची. सिंधुदुर्गात दर पावसाळ्यात माणसांनाही ती धास्ती असते, आणि गाभण मादी त्याने गाभ टाकते. तेव्हा पावसात चारा कापून गोठ्यात न्यायचा आणि जमीन सुकली की माद्या चाऱ्याकडे न्यायच्या, अशी वाटणी ठरवली.

आज त्यांना झटक्याच्या तारेची ओळख करून दिली. सौर झटका मशीन, दोन तारा, एक जमिनीपासून वीतभर आणि दुसरी दीड फुटावर. पहिल्यांदा ही तार उघड्यावर लावायची नाही, झटका बसला की डुक्कर पुढेच धावतं आणि तार तोडून जातं. म्हणून गोठ्याच्या आवारात चिऱ्याच्या भिंतीला लागून लावली. नाकाला एकेकदा बसल्यावर दुसऱ्या दिवशी कोणी जवळ गेली नाही. भुरी तर हातभर लांबूनच वळते.

१२ ऑक्टोबर २०२३

हळवं भात कापून झालं. मळ्यात ओल आहे तोवर चवळी पेरली. सासूबाई कुळीथ म्हणत होत्या, पण कुळथाचा पाला लवकर राठ होतो.

१४ ऑक्टोबर २०२३

आज सोडल्या. हा दिवस सविस्तर लिहिते.

सकाळी सात वाजता, दव असताना, पहिल्या पट्ट्याच्या एका कडेला चौथाई जागा तारेने वेगळी करून तेवढ्यात सहा जणी सोडल्या. खुराक आधीच अर्धा घातला होता, रिकाम्या पोटी एकदम वेलावर सोडायचं नव्हतं. पाच मिनिटं कोणी काही खाल्लं नाही. नाकं वर करून नुसत्या उभ्या. मग राणीने एक पान ओढलं, आणि मग सगळ्यांचा एकदम आवाज सुरू झाला, ओला पाला दाढेखाली मोडण्याचा, कचकच कचकच, न थांबता.

लालीने वेल सोडून सरळ वरंब्यात नाक घातलं. सोंड डावी-उजवीकडे हलवत ती माती नांगरासारखी उलटवत गेली आणि अर्ध्या हाताच्या खोलीवरून रताळं काढलं. तोंडात धरलं आणि तशीच उभी राहिली, बराच वेळ, लाळ गळतेय, डोळे अर्धवट मिटलेले. मग दोन घासांत संपवलं आणि पुढच्याकडे. तीन तासांत त्यांनी वरंबे असे काही उलटवले की पुढच्या पिकाला नांगर लागणार नाही. नाकात कडी घालायचा सल्ला मला दोघांनी दिला होता. घातली नाही, घालणार नाही. उकरणं हेच तर त्यांचं काम, आणि जमीन मी त्याचसाठी दिलीय.

अकरा वाजता उन्हाला धग आली तशा फणसाखाली केलेल्या खळग्यात जाऊन पडल्या. डुकराला घाम येत नाही, पांढऱ्या कातडीला ऊन लागून फोड येतात, त्यामुळे सावली आणि चिखल नसेल तर ऑक्टोबरात माद्या बाहेर काढूच नयेत. पाण्याचं पिंपही तिथेच. संध्याकाळी गोठ्यात आल्यावर सहाही आडव्या. अंधार पडेपर्यंत गोठ्यात होते, एकदाही गजाचा आवाज आला नाही.

२ नोव्हेंबर २०२३

दोन पट्टे संपले, तिसऱ्यात आहेत. लीद मऊ, राणीचीसुद्धा. चरून झालेल्या पट्ट्यात या हंगामात परत जायचं नाही, जंताची अंडी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. काळी पडलेली, किडलेली रताळी मी रोज वेचून जाळते. तसल्या रताळ्यांतलं विष गुरांच्या फुप्फुसांना बाधतं, तेव्हा गाभण जनावरावर प्रयोग नको.

काल रात्री मात्र घोळ झाला. सोमवारपासून तारेखालचं गवत कापायचं राहिलं होतं, गवत तारेला टेकलं आणि करंट जमिनीत गेला. मोनी आणि ठिपकी रात्री तिथेच ठेवल्या होत्या, त्या शेजारच्या काकांच्या वालात गेल्या. सकाळी काका दारात. “गो, तुझ्या डुकरांनी माझो वाल खाल्ल्यानी! आता मी काय खाव?” मी हात जोडले, नुकसान भरून दिलं. संध्याकाळी काकाच कोयता घेऊन आले आणि तारेखालचं गवत कापायला लागले. आता दर तिसऱ्या दिवशी गवत, आणि रात्री सगळ्या गोठ्यात.

१६ नोव्हेंबर २०२३

या नोंदवहीतली सगळ्यात मोठी चूक आज सापडली, आणि तीही माझीच.

बाहेर सोडल्यापासून पोटं टम्म दिसत होती. चाराही भरपूर, म्हणून मी आठवड्याभरात खुराक सव्वादोन किलोवरून सव्वा किलोवर आणला. पैसे वाचत होते, मनात बरं वाटत होतं. दिवाळीच्या गडबडीत नीट हात लावून बघितलं नाही. आज भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या कमरेच्या हाडावर अंगठा दाबून पाहिला. नेहमी जरा जोर दिल्यावर हाड लागायला हवं. ठिपकीचं आणि सोनीचं नुसता हात ठेवताच लागलं. पाठीचा कणा दिसतोय. पोट मोठं आणि पुठ्ठे आत गेलेले.

भिंतीवर खडूने लिहिलेला आकडा रोज डोळ्यासमोर होता. दहा किलो वेल खाल्ला तरी आत गेला सव्वा किलो सुका चारा, आणि त्याची ताकद मक्याच्या भरड्याइतकी नाही. रताळी कच्ची, तीही पूर्ण पचत नाहीत. सोनी तर पहिलारू, तिला स्वतःचं अंगही वाढवायचंय. लालीसारखी जुनी मादी निभावून नेते, पहिलारू नाही नेत. मला पोट भरणं आणि पोसणं यातला फरक कळत होता, तरी टम्म पोट बघून मी फसले.

आजपासून लाली, भुरी, राणी: पावणेदोन किलो, म्हणजे अर्धा किलो कमी, त्याहून कमी कधीच नाही. ठिपकी, सोनी, मोनी: पूर्ण सव्वादोन, वर मूठभर सोयाबीन पेंड. खनिज मिश्रण आणि मीठ सगळ्यांना पूर्ण. पिल्लांची बहुतेक वाढ गाभणपणाच्या शेवटच्या महिना-सव्वा महिन्यात होते, तो महिना अजून यायचाय. वेळेवर सापडलं, एवढंच समाधान.

२ डिसेंबर २०२३

चवळी पन्नास दिवसांची, फुलावर आलीय. मळा पूर्ण सुकला, खुरांना चिखल लागत नाही. आज रोज दोन तास याप्रमाणे सोडायला सुरुवात केली. चवळीत प्रथिनं चांगली असल्याने शेवटच्या टप्प्यासाठी ती मुद्दाम मागे ठेवली होती. माद्या आधी शेंडे आणि शेंगा खातात, मग पाला, दांडा शेवटी. मळ्याच्या वईत, म्हणजे कुंपणात, सुबाभूळ आहे, त्या बाजूने तार हातभर आत घेतली. त्याच्या पाल्यातलं मायमोसिन हे विष गाभण जनावराला नको.

ठिपकी भरायला लागलीय. सोनीचं हाड अजून लागतं, पण दाबल्यावर. खुराक चौथाई किलो वाढवला, आता शेवटपर्यंत असाच.

१३ डिसेंबर २०२३

डॉक्टरांनी वजनाप्रमाणे जंताचं औषध दिलं. माद्या जमिनीवर होत्या म्हणून हे टाळायचं नाही. नाहीतर विताना जंत आईकडून पिल्लांच्या वाट्याला जातात.

१८ डिसेंबर २०२३

सहाही जणींना साबणाने घासून धुतलं, आचळं वेगळी पुसली, आणि विण्याच्या कप्प्यांत घेतलं. खाली पेंढा. एकदम हिरवं तोडलं तर परत लीद कडक होईल म्हणून रोज दीड-दोन किलो चवळीचा पाला कापून देतेय, जास्त नाही. आता पोटात जागा पिल्लांना हवी. पेंढा टाकताच लाली तोंडाने उचलून कोपऱ्यात नेऊ लागली.

४ जानेवारी २०२४

सगळ्या व्याल्या. जुन्या चौघींची जिवंत पिल्लं ४०, मेलेली जन्मलेली २, आठवड्यात दगावलेली ३. पहिलारूंची १६, त्यातली मेलेली १, आणि सोनीची दोन पिल्लं अगदी लहान, पाऊण किलोची. नोव्हेंबरातल्या माझ्या हिशेबाची किंमत ती दोन पिल्लं भरतायत, असं मला वाटतं. डॉक्टर म्हणतात, नक्की सांगता येत नाही. मी त्यांना हाताने धरून पुढच्या आचळांना लावतेय, तिथे दूध जास्त असतं. एक धरतंय, एक अजून नाही.

राणीला यावेळी कोणाला बोलवावं लागलं नाही. रात्री अकरा ते दोन, तीन तासांत दहा पिल्लं. वार पडली आणि पहाटे उठून तिने पाणी प्यायलं.

आता त्यांचा खुराक वाढवत न्यायचा. दूध देणाऱ्या मादीला जेवढं खाईल तेवढं द्यायचं, तिथे हिरव्याने जागा अडवायची नाही. हा सगळा खटाटोप गाभण दिवसांसाठीच होता.

२१ जानेवारी २०२४

सोनीचं ते लहान पिल्लू जगलं, दुसरं नाही.

पुढच्या हंगामाचं: नेपियरचा पट्टा म्हशीला देऊन टाकला. भोपळे तीस-पस्तीस आले, माडीवर फळीवर ठेवलेत, मे महिन्यात हिरवं नसतं तेव्हा उपयोगी पडतील. रताळ्याला सोंड्या भुंगा लागलेला दिसला, म्हणून त्या पट्ट्यांत यंदा नाचणी आणि रताळी पलीकडे. गोव्याचे दोन गिऱ्हाईक पिल्लं बघून गेले.

आज दिवसभर विहिरीकडे होते. चरून उरलेल्या वेलांतले निरोगी शेंडे निवडून दोन वाफ्यांत लावले, एक दिवसाआड पाणी. जूनपर्यंत एवढ्यातून आठ हजार तुकडे व्हायला हवेत, माहेराहून टेम्पो मागवायचा नाही. तिसऱ्या वाफ्याची माती अजून भुसभुशीत करायचीय, उद्या सकाळी.